वाळपईची पहाट आणि महाबळेश्वरची थंडी

हिवाळा लागला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. आशय असा: ‘आज पहाटे वाळपईचा पारा महाबळेश्वरच्याही खाली गेला. म्हणजे गोवा महाबळेश्वरपेक्षा थंड. शिवाय आपली थंडी दमट, ती हाडांत शिरते. पुण्या-दिल्लीची कोरडी थंडी तिच्यापुढे काहीच नाही.’ सोबत मोबाइलच्या पडद्याचे दोन फोटो असतात. यातलं पहिलं वाक्य एखाद्या दिवशी खरं असू शकतं. पुढचं सगळं चुकीचं आहे.

आधी खरं काय ते. वाळपई सह्याद्रीच्या पायथ्याशी, म्हादईच्या खोऱ्यात आहे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता सोडते, तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून घसरत खोलगट भागात साचते. सांगे, मोले आणि सत्तरीतली कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा) पहाटे गारठतात ती यामुळे. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर, पठाराच्या कडेला आहे. तिथली गार हवा खाली दऱ्यांत निघून जाते. पुण्याचंच पाहा. उंची जेमतेम 560 मीटर, तरी जानेवारीचं सरासरी किमान तापमान 11-12 अंश, महाबळेश्वरचं 13-14. पण तेवढ्यावरून कुणी पुण्याला थंड हवेचं ठिकाण म्हणत नाही.

कारण किमान तापमान म्हणजे दिवसातला एकच क्षण, बहुधा सूर्योदयाच्या आसपासचा. ऊन वर आलं की साचलेली हवा ढवळली जाते आणि उंचीचा हिशेब सुरू होतो: दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश, म्हणजे 1350 मीटरला जवळजवळ नऊ. जानेवारीत पणजीचं सरासरी कमाल तापमान 32 च्या आसपास, महाबळेश्वरचं 24. फरक आठ अंशांचा. किमान आणि कमाल यांची सरासरी काढली तर पणजी सुमारे 26, पुणे 21, महाबळेश्वर 19, दिल्ली 14. पहाटे महाबळेश्वरपेक्षा गार असलेलं पुणे दिवसभराच्या हिशेबात त्याच्यापेक्षा उबदार ठरतं, हे नीट लक्षात घ्यावं. वाळपईचंही तेच. सकाळी स्वेटर घालणारा माणूस दुपारी पंखा लावतो. महाबळेश्वरात स्वेटर दुपारीही हाताशी ठेवावा लागतो.

आणखी एक कसोटी आहे, इमारती उबदार ठेवायला किती ऊर्जा लागेल ते मोजणारी. दिवसाची सरासरी 18 अंशांपेक्षा जितकी कमी, तितके अंश त्या दिवसाच्या नावावर धरायचे. दिल्लीच्या जानेवारीत रोजचे सुमारे चार, म्हणजे महिन्याचे सव्वाशेच्या घरात. पणजीचे शून्य.

गोव्याच्या हवामानाची खरी गंमत तर या मजकुरात येतच नाही. पणजीत जुलै-ऑगस्टचं सरासरी कमाल तापमान 29 च्या आसपास असतं, जानेवारीपेक्षा कमी. म्हणजे दुपार सर्वांत थंड पावसाळ्यात आणि पहाट सर्वांत थंड जानेवारीत. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, दुपारकडे समुद्रावरून खारे वारे येतात. पूर्वेकडचा वारा जोरात असला तर खारं वारं उशिरा पोचतं, आणि गार पहाटेच्याच दिवशी दुपारचा पारा 34-35 पर्यंत चढतो. त्या दिवसाला थंड म्हणायचं की गरम? दोन्ही आकडे दिल्याशिवाय उत्तर नाही.

‘कोरडी दिल्ली, दमट गोवा’ ही जोडी तर उलटीच आहे. जानेवारीत दिल्लीत दाट धुकं पडतं. तेव्हा हवेची आर्द्रता शंभर टक्क्यांजवळ असते आणि ऊन न पडल्याने कधी कधी दुपारीही पारा 15-16 च्या वर जात नाही. गोव्यात मात्र त्याच दिवसांत जमिनीवरून येणारा वारा बराच कोरडा असतो, ओठ आणि टाचा फुटतात त्या त्यामुळे. पहाटे स्कूटरवर हुडहुडी भरते, कारण वारा अंगाभोवतीचा उबदार हवेचा थर सतत काढून नेतो. पण वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं प्रचलित सूत्र 10 अंश आणि त्याखालीच लागू पडतं. 18 अंशांना ते लावून ‘जाणवतं 12’ असं लिहिणं म्हणजे आकड्यांचा गैरवापर.

आता ते पडद्याचे फोटो. मोबाइलला बाहेरची हवा मोजता येत नाही. अ‍ॅप दाखवतं तो काही किलोमीटरच्या चौकोनासाठी गणिताने काढलेला अंदाज, आणि गोव्यात समुद्र ते घाटमाथा हे अंतर इतकं कमी की एकाच चौकोनात खाडी आणि डोंगर दोन्ही येऊ शकतात. हवामान खात्याचं तापमान सावलीतलं असतं: पांढरी, झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हा ‘पारा शून्यावर’ असं उलट बाजूने लिहिलं जातं, तेही याच कारणाने चूक. गवताचं पातं उघड्या आकाशाखाली हवेपेक्षा चार-पाच अंश गार होऊ शकतं. पेटीतला पारा तेव्हा बराच वर असतो.

घरी मोजायचं तर थर्मामीटर चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नये. चिरा दिवसभराची उष्णता रात्री सोडतो आणि आकडा वर जातो. पत्र्यावर किंवा उघड्या गच्चीवर ठेवलं तर आकडा खाली जातो. आडोशाला पण हवेशीर, भिंतीपासून दूर, छातीच्या उंचीवर टांगावं आणि वाचण्याआधी पंधरा मिनिटं थांबावं. पाण्यात बुडणारा सेन्सर असेल तर बारीक फोडलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळत पाहावं. शून्याऐवजी 1 दिसलं तर तेवढा फरक प्रत्येक नोंदीतून वजा करायचा.

हे काटेकोरपण कशाला, असं वाटेल. आंब्याच्या मोहराला रात्रीचा गारवा सलग टिकावा लागतो; एका पहाटेचा नीचांक त्याला पुरत नाही. त्या फोटोवर विसंबून बागायतदाराने फवारणीचा दिवस ठरवला तर पैसा आणि औषध दोन्ही वाया जातात. थंडीची लाटसुद्धा एका आकड्यावर ठरत नाही: किनाऱ्यावरच्या केंद्रात किमान तापमान 15 किंवा खाली हवं, शिवाय सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी.

आकडा पुढे पाठवायचाच असेल तर सोबत एवढं हवं: ठिकाण, तारीख, किमान, कमाल, आणि तो वेधशाळेचा की अ‍ॅपचा.