फोनवर झूम आहे, मग वेगळी सोय कशाला? – प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

नाणेसंग्रहाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो ताडून पाहण्याची सोय सुधारायला हवी, या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. (दोन नाणी एकाच ठशानं, म्हणजे नाणं पाडायच्या एकाच साच्यानं, पाडली आहेत का, हे पाहायला फोटो ताडतात.) फोनवर हवं तेवढं झूम होतं. फोटो एकावर एक ठेवून कुठल्याही दोन शिवराया (मराठा काळातली तांब्याची नाणी) ‘जुळवून’ दाखवता येतात. आणि एवढे मोठे फोटो साठवले तर संगणक बसेल. यातला दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहितो.

आधी झूम. फोटोत जे उतरलेलंच नाही ते झूम करून दिसत नाही. ३०.५ मिमी व्यासाचा राणीछाप रुपया घ्या. बरीच सॉफ्टवेअर फोटो आत घेताना लहान करतात. १०२४ पिक्सेलच्या चौकटीत नाण्यानं ८०० पिक्सेल व्यापले, तर एका मिलिमीटरला जेमतेम २६ पिक्सेल मिळतात. ०.१ मिमी रुंदीचा ठशातला तडा म्हणजे अडीच पिक्सेल. फोटो दाबून साठवणारं जेपीईजी तो सहज गिळतं. १८६२ सालच्या रुपयात हे फार महागात पडतं. तेच साल घालून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले आणि मुंबई टांकसाळीनं खरं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके घातले. हे ठिपके लहान फोटोत मोजताच येत नाहीत, आणि फोनचं आपोआप होणारं शार्पनिंग ओरखड्याच्या टोकालाही ठिपक्याचं रूप देतं. ओपनन्यूमिस्मॅट हे नाणेसंग्रहाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रतिमेच्या मोठ्या बाजूची मर्यादा सेटिंगमध्ये असते. ती फोटो भरण्याआधीच वाढवा, कारण एकदा लहान झालेला फोटो पुन्हा मोठा होत नाही. सराफ बाजारातून कोणी व्हॉट्सॲपवर नाणं दाखवत असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे तो वाटेत लहान होत नाही.

आता एकावर एक ठेवण्याबद्दल. तुमचं म्हणणं खरं आहे: फोटो लांबी-रुंदीत वेगवेगळा ताणता आला की काहीही जुळतं. म्हणूनच माझी मागणी सोय वाढवण्याइतकीच ती बांधून ठेवण्याचीही आहे. प्रत्येक फोटोसोबत ‘एका मिलिमीटरला किती पिक्सेल’ हा आकडा सॉफ्टवेअरनं साठवावा. ताडताना दोन्ही फोटो त्या मापानं एकसारखे करावेत आणि मग वापरणाऱ्याला फक्त सरकवू आणि फिरवू द्यावं. मोठं-लहान करणं बंद, ताणणं तर नाहीच. असं केलं की एका अक्षराचं टोक जुळवल्यावर दुसऱ्या अक्षराचं अंतर आपसूक जुळायला हवं. ते जुळलं नाही तर तो ठसा वेगळा असण्याची शक्यता दाट. जुळलं तर लांबचे आणखी तीन बिंदू तपासा, आणि हे बिंदू नक्षीवरचे घ्या, कडेवरचे नकोत. हातानं पाडलेल्या नाण्याची कड प्रत्येक वेळी वेगळी असते.

इथे चुका कुठून शिरतात तेही पाहा. मापासाठी मोजपट्टी टेबलावर ठेवून फोटो काढला आणि नाणं ३ मिमी जाड असेल, तर ३० सेंमीवरच्या कॅमेऱ्याला नाण्याचा माथा सुमारे १ टक्का मोठा दिसतो, म्हणजे २० मिमीमागे ०.२ मिमी. दोन ठशांतला फरक अनेकदा एवढाच असतो! म्हणून पट्टी नाण्याच्या माथ्याच्या उंचीवर टेका. कॅमेरा सरळ आहे का हे पाहायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध आलं की झालं. जुळवणीचे दोन बिंदू एकमेकांपासून लांब निवडा. ते ४ मिमीवर असले आणि तपासणीचा बिंदू १६ मिमीवर, तर क्लिक करतानाची चूक तिथे साधारण चौपट होते.

जुळलेले फोटो अर्धपारदर्शक करून पाहण्यापेक्षा आळीपाळीनं एकाच जागी दाखवावेत, सेकंदाला एकदोनदा. जे हलतं ते डोळा लगेच पकडतो. खगोलशास्त्रात हीच युक्ती होती. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांना प्लूटो असाच सापडला. एका फोटोतून दुसरा वजा करण्याची पद्धत मात्र नाण्यांना फारशी मानवत नाही, कारण प्रकाशाची दिशा थोडी बदलली तरी सगळ्या सावल्या ‘फरक’ म्हणून दिसतात.

जुळवून काय मिळतं, हे चांदवडच्या (जुनं नाव चांदोर) टांकसाळीतल्या रुपयात दिसतं. ठसा मोठा, तो ज्यावर मारायचा ती धातूची चकती लहान. त्यामुळे ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ हा मजकूर एका नाण्यावर पूर्ण येत नाही. एकाच ठशाची चार-पाच नाणी मापात जुळवली की ठशाचा मोठा भाग परत उभा करता येतो. आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीचा साठा तर याहून अवघड. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला होता. वरची तीन कमानींची टेकडी सरळ धरली तर खालचा नहपानाचा चेहरा भलत्याच कोनात जातो. अशा नाण्याच्या एकाच फोटोला दोन कोन साठवता यायला हवेत, तेही मूळ फाइल न बदलता. फिरवून पुन्हा जेपीईजी केलं की प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो.

साठवणीचं गणित सोपं आहे. दोन बाजू, प्रत्येकीचे तीन वेगळ्या प्रकाशांतले फोटो, फोटोमागे ४ एमबी: एका नाण्याला २४ एमबी, ५०० नाण्यांना १२ जीबी. संगणक बसत नाही. डेटाबेसच्या फाइलमध्येच सगळं कोंबलं तर बॅकअप मात्र रखडतो. मूळ फोटो फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये फक्त लहान प्रत व पत्ता, ही मांडणी बरी.

सॉफ्टवेअरमध्ये ही सोय येईतोवर गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालतं. दोन्ही फोटो लेअर म्हणून उघडा, मोजपट्टीच्या टूलनं १० मिमीला किती पिक्सेल येतात ते पाहा आणि एक लेअर त्या प्रमाणात बदला. वरचा लेअर ५० टक्के पारदर्शक करून सरकवा, फिरवा. मग पारदर्शकता काढून डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करत राहा.

तुमच्याकडच्या कुठल्याही दोन शिवरायांवर ‘छत्रपति’च्या बाजूला ‘छ’ आणि ‘ति’ यांची ठळक उठलेली टोकं निवडा, आणि त्यांच्यातलं अंतर दोन्हींवर किती मिमी भरतं ते इथे कळवा. फोटो दोन्हींचे एकाच दिशेच्या प्रकाशात हवेत.