‘बसला की चालतो’ हा लिव्हरचा निकष नव्हे

ब्रेकचा लिव्हर म्हणजे नुसती दांडी, जागेवर बसेल तो कोणताही चालतो, वाकला तर ठोकून सरळ करावा, टोकाचा गोळा शोभेपुरता असतो आणि न मोडणारा आखूड सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्रावर कोरलेला) लिव्हर सर्वांत सुरक्षित, असा सल्ला दुचाकीस्वारांमध्ये फिरतो आहे.

यातला ‘बसेल तो चालतो’ हा भाग सर्वांत घातक आहे. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये लिव्हरच्या बुंध्याचा उंचवटा मास्टर सिलिंडरचा, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याचा, पिस्टन दाबतो. तो उंचवटा थोडा जरी पुढे असला, तरी लिव्हर सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइलला त्याच्या छोट्या टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. मग ब्रेक वापरून तापलेले, प्रसरण पावलेले ऑइल पॅडनाच डिस्कवर आवळत जाते, त्यातून उष्णता आणखी वाढते आणि अखेर पुढचे चाक जखडू शकते. गॅरेजच्या दारात यातले काहीच जाणवत नाही. जाणवते ते घाटाच्या उतारावर. केबलच्या क्लचमध्ये लिव्हर ज्यावर फिरतो त्या बोल्टपासून निप्पलपर्यंतचे, म्हणजे केबलच्या अडकवलेल्या टोकापर्यंतचे, अंतर कमी असलेला लिव्हर हाताला हलका लागतो खरा, पण केबल कमी ओढतो, आणि क्लच पुरता सुटत नाही.

वाकलेला ॲल्युमिनियमचा लिव्हर ठोकताना त्यात न दिसणारी चीर पडू शकते, आणि ती नेमकी जोरात ब्रेक दाबताना उघडते. साध्या गाडीचा मूळ लिव्हर बहुधा पेट्रोलची टाकी भरण्यापेक्षा स्वस्त असतो, त्यामुळे ही काटकसर मला कधीच उमगलेली नाही.

गोळा शोभेचा असता, तर एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या रोड रेसिंगच्या नियमांत त्याला किमान 16 मिलिमीटर व्यासाची अट नसती. पडताना टोक अंगात घुसू नये म्हणून तो असतो. कित्येक लिव्हरांना टोकाजवळ मुद्दाम खाच दिलेली असते, म्हणजे पडल्यावर तेवढेच टोक तुटते आणि उरलेल्या भागावर घर गाठता येते. जो लिव्हर मोडतच नाही, तो सगळा धक्का मास्टर सिलिंडरच्या कवचाकडे धाडतो. आखूड लिव्हर दोन बोटांना सोयीचा असतो हे मान्य. मात्र बोटे बोल्टाजवळ आल्याने तेवढ्याच ब्रेकसाठी जास्त जोर लागतो.

म्हणून लिव्हर गाडीच्या मॉडेल आणि वर्षानुसार, पार्ट नंबर जुळवून घ्यावा. बसवल्यावर पिस्टनला टेकण्यापूर्वी त्याला किंचित मोकळी चाल आहे ना, सोडताच तो झटकन परत येतो ना, उचललेले चाक हाताने सहज फिरते ना आणि मागचा ब्रेकचा दिवा लिव्हर दाबल्यावरच लागतो ना, हे पाहावे. पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून डिस्कजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन ती विनाकारण तापली आहे का, तेही तपासावे.