खुलासा : अमेरिकेत वैमानिकांना ६७ वर्षांपर्यंत उडण्याची मुभा मिळालेली नाही

'अमेरिकेने वैमानिकांची निवृत्ती ६७ वर केली' हा फिरणारा मेसेज चुकीचा आहे. २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात ती तरतूद होती; मे २०२४ च्या अंतिम कायद्यात ती नाही. एअरलाइनच्या वैमानिकांची वयोमर्यादा २००७ पासून ६५ च आहे. ६५ वा वाढदिवस १० जूनला असेल, तर एअरलाइनचं शेवटचं विमान ९ जूनला. खाजगी विमान किंवा सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण मात्र पुढेही चालतं.

खरी अडचण वेगळीच, आणि तीच मेसेजमध्ये गाळली जाते. आंतरराष्ट्रीय एअरलाइन उड्डाणांना 'इकाओ'ची (विमान वाहतुकीचे जागतिक नियम ठरवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) ६५ ची मर्यादा लागू आहे. त्यामुळे एकट्या अमेरिकेने वय वाढवलं तरी ६६ वर्षांच्या कॅप्टनला न्यूयॉर्क–लंडन करता येणार नाही. परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानांवरच्या ज्येष्ठ वैमानिकांना मग देशांतर्गत छोट्या विमानांचं प्रशिक्षण पुन्हा द्यावं लागेल.