हृदयात गाठ आहे, म्हणून खुब्याचं ऑपरेशन नको?

तासगावकडच्या एका आजींचा खुबा मोडला. इकोत हृदयात गाठ दिसली आणि मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला: "हृदयात गाठ असेल तर भूल दिली की हृदय बंद पडतं. ऑपरेशन टाळा. अगदी गरज पडली तर कमरेतून भूल घ्या, ती सगळ्यांना सुरक्षित. ईसीजी नॉर्मल असेल तर चिंता नाही." सांगली-मिरजेत भूलतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे उत्तर देणं मला भागच आहे.

"ऑपरेशन टाळा" हे अर्धंच खरं. हर्निया, पित्ताचे खडे थांबू शकतात. तिथे आम्हीच म्हणतो, आधी हृदयातली गाठ काढून घ्या. मोडलेला खुबा थांबत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून ते ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत करतात. भूल नाकारली म्हणजे धोका टळला, असं होत नाही.

कमरेतल्या भुलीचं वाक्य मात्र मला सर्वांत घातक वाटतं. हृदयातच उगवणाऱ्या गाठींत मोठ्या माणसांत मिक्सोमा जास्त आढळतो. तो कर्करोग नव्हे. चारांत तीनदा तो डाव्या वरच्या कप्प्यात, बहुधा मधल्या पडद्याला देठाने लटकलेला असतो, आपल्याकडच्या द्राक्षाच्या घडासारखा. खाली मायट्रल झडप, म्हणजे खालच्या कप्प्यात जायचं दार. कमरेत एकदम पूर्ण डोस गेला की खालच्या रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी झपकन उतरतं, हृदयाकडे रक्त कमी परततं, ठोके वाढतात. आधीच दारात घड, त्यात खालचा कप्पा रक्ताने भरायला वेळ अपुरा. म्हणून कधी एपिड्युरलमधून, म्हणजे कमरेत ठेवलेल्या बारीक नळीतून, औषध थोडंथोडं सोडतो, कधी पूर्ण भूल देतो, पण सावकाश. मनगटाच्या धमनीत नळी घालून प्रत्येक ठोक्याचं बीपी बघतो, बीपी चढवणारं फेनिलेफ्रिन भरून हाताशी ठेवतो. गाठ उजव्या कप्प्यात असेल तर मानेच्या शिरेत नळी घालण्यासाठी तार आत सरकवतानाही जपावं लागतं. तुकडा सुटला तर थेट फुप्फुसात.

ईसीजीत गाठ दिसत नाही. ती कुठे आहे, किती हलते, झडप अडवते का, हे इको सांगतो.

आणि एक गोष्ट इकोही सांगत नाही. कुठल्या कुशीवर झोपलं की आजींना दम लागतो, उठून बसल्यावर चक्कर येते का, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. टेबलावर त्यांना कसं झोपवायचं ते मी त्यावरून ठरवते. तेवढं मला आधी येऊन सांगा.