शेंगेन व्हिसा समजून घ्यायचाय? मग आधी कट्ट्यावर जा

मुलगा जर्मनीत, सूनबाईंचे दिवस भरत आलेत आणि तुम्ही दोघं दादरहून पहिल्यांदाच तिकडे निघालाय? अभिनंदन. आता एक करा, सरकारी वेबसाइट चुकूनही उघडू नका. तिथे सगळं फुकट आणि नीट लिहिलेलं असतं, त्यात मजा काय? त्यापेक्षा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जा. संध्याकाळी सहानंतर तिथे शेंगेनचे (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचे) निदान चार तज्ज्ञ बसलेले असतात, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजू ऐकायला मिळतात.

कट्टा सांगेल, "तीन महिने मिळतात हो, बिनधास्त जा." नियम म्हणतो कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, पण ९० दिवस काय नि तीन महिने काय, एवढं कोण मोजत बसतं. तुम्ही १ एप्रिलला उतरा आणि ३० जूनचं परतीचं तिकीट काढा, लक्षात ठेवायला सोप्या तारखा. ३० अधिक ३१ अधिक ३० किती होतात ते फ्रँकफर्टच्या काउंटरवरचा माणूस सांगेल, उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही धरतात हेही तोच सांगेल, फक्त मराठीत नाही सांगणार. पूर्वी शिक्का पुसट उठला तर थोडी आशा तरी असायची, ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येणं-जाणं कॉम्प्युटरवर चढवायला लागलेत, तीही सोय गेली.

बरं, व्हिसाचा स्टिकर आला की त्यावरची फक्त शेवटची तारीख बघा. तिथेच "राहण्याचे दिवस" म्हणून एक आकडा असतो, ३० वगैरे, तो बारीक असतो, चष्मा शोधायला लागतो, सोडून द्या.

आता कट्ट्यावरची खास युक्ती. नव्वद भरत आले की एक दिवस स्वित्झर्लंडला चहा पिऊन यायचं, की मीटर परत शून्यावर! का, तर स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. नाहीच आहे. शेंगेनमध्ये मात्र आहे, पण हे बोलून लोकांचा मूड घालवू नका. आणि लंडनला जाऊन आलात तरी मीटर शून्यावर येत नाही (वर लंडनचा व्हिसा वेगळा), कारण तो १८० दिवसांचा हिशोब रोज एक घर पुढे सरकतो, तुम्ही कुठेही असा. ज्यांना पटत नाही त्यांनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून उलटं मोजावं, दुधाच्या खाड्यांच्या खुणा तेवढ्या वगळून.

व्हिसा ऑफिसरला एकच संशय असतो, तुम्ही परत येणार का. साहेब, साठी उलटलेला माणूस दादरचा फ्लॅट, गुडघ्याचा डॉक्टर आणि गणपती सोडून थंडीत कशाला राहील? पण असं साधं लिहायचं नाही. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी मेव्हण्याकडून आठ लाख घेऊन खात्यात टाका. वर्षभर पेन्शनपलीकडे काही न हललेल्या खात्यात एका रात्रीत आठ लाख आलेले बघून समोरच्याचा विश्वास कसा दृढ होतो बघा.

मुलाला मात्र कामाला लावा. त्याला तिकडच्या ऑफिसात जाऊन तुमच्या खर्चाची हमी लिहून द्यायची असते, त्या कागदाला फेरफ्लिष्टुंग्सएरक्लेरुंग म्हणतात. कवळी असेल तर काढून म्हणा. कागदाचं नाव एवढं मोठं आहे म्हटल्यावर इन्शुरन्स थोडा कमी चालेल असं समजायला हरकत नाही. ३०,००० युरोचं कव्हर लागतं असं लिहिलंय खरं, तुम्ही स्वस्तातलं घ्या, ९० युरो फी नकारानंतर परत मिळत नसते हा अनुभवही एकदा घ्यावाच.

आणि काहीच जमलं नाही तर कट्ट्यावरचे ते टोपीवाले काका सांगतात तसं कुठल्यातरी "सोप्या" देशातून व्हिसा काढा, जास्त दिवस जिथे राहणार तिथेच अर्ज करायचा असतो वगैरे पुस्तकी गोष्टी आहेत. काकांचा सल्ला कधी चुकत नाही. दोनदा युरोप करून आलेत. दोन्ही वेळा टूरबरोबर, फॉर्म टूरवाल्यांनी भरला होता, काकांनी फक्त सही केली, एकदा तर चुकीच्या पानावर.