वाकामोतोचा आवाज एकच का?

काल चहा यायच्या आधीच पेटली. सुह्या म्हणे तो जपानी व्हॉइस ॲक्टर नोरिओ वाकामोतो ओव्हररेटेड आहे, कुठलाही ॲनिमे (जपानी कार्टून) लावा तोच तो घशात गोटी घोळवल्यासारखा आवाज, 'कोड गियास'चा सम्राट काय नि 'हायाते'चा निवेदक काय, डोळे मिटून फरक सांगून दाखवा.

पक्या म्हणजे वाकामोतोचा भक्त, त्याचं लगेच डोकं फिरलं. अरे माणूस १९४५ सालचा, वासेदाला कायदा शिकला, टोकियो पोलिसांच्या दंगल पथकात होता, ते सोडून आवाजाच्या धंद्यात आला, तिथे तुझ्यासारखे टिकले असते का दोन दिवस? (याचा मूळ मुद्द्याशी काय संबंध ते कोणालाच कळलं नाही, पण पक्याचं नेहमी असंच सुरू होतं.)

मग त्याने फोन कट्ट्यावर पालथा ठेवला आणि एक क्लिप लावली. थंड, सरळ, जरा थकल्यासारखा आवाज, कुठे हेलकावा नाही की र्र्र नाही. कोण? सुह्याने दोन नावं घेतली, दोन्ही चूक. तो रॉयेनथाल होता, 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज'मधला, एक डोळा काळा एक निळा असलेला ॲडमिरल, १९८८ ची सिरीज. आवाज वाकामोतोचाच. 'काउबॉय बीबॉप'चा व्हिशस पण तोच म्हटल्यावर सुह्या गप्प.

म्हणजे आम्हाला वाटलं गप्प. चहाचा घोट घेऊन म्हणतो, मग हेच तर म्हणतोय मी, एवढं साधं बोलता येत होतं तर नंतर ते सगळं कशाला? गिऱ्हाइकाने एकदा टाळी दिली की तेच तेच विकायचं.

इथे मी मधे पडलो. निवेदकाला चेहरा नसतो राव, 'हायाते'त तो वरून बोलतो आणि पात्रं त्याच्याशी चक्क भांडतात, तिथे आवाज ओळखू आला नाही तर जोक मेलाच की. आणि ते फासे टाकून कॉमेडियन लोकांना किस्से सांगायला लावणारा जपानी शो आहे ना, 'सुबेरानाई हानाशी', त्याचं निवेदनही त्याचंच, साध्याशा कार्यक्रमाला महायुद्धाची घोषणा असल्यासारखं वजन देतो, गंमत त्यातच आहे. पण सम्राटाच्या बाबतीत सुह्याचं मला थोडं पटतं, तिथे जरा जास्तच होतं. हे मी बोललो नाही, पक्या शेजारीच होता.

तेवढ्यात तेजा म्हणाली, ते जाऊ द्या, 'साझाए-सान' ॲनिमेतला आनागो माहितीये का, त्यातल्या मासुओचा ऑफिसातला मित्र, जाड ओठांचा, वाकामोतोचाच भारदस्त आवाज असलेला? त्याचं वय सत्तावीस आहे.

सगळे सुह्याकडे बघायला लागले. तोही सत्तावीसचाच, आणि फोनवर अजून कुरिअरवाले त्याला मॅडम म्हणतात.