जुन्या होल्स्टरला खोबरेल तेल चोळू नका

परवानाधारक शस्त्रधारकांच्या आणि निवृत्त पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पावसाळ्याच्या तोंडाशी एक संदेश फिरतो. जुने चामडी होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचे कमरेचे म्यान, साबणाच्या कोमट पाण्यात धुवावे, दोन दिवस कडक उन्हात वाळवावे, आतून-बाहेरून खोबरेल तेल जिरेपर्यंत चोळावे, आणि मग पिस्तूल त्यातच घालून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवावे, म्हणजे होल्स्टर नव्यासारखे होते आणि शस्त्रही गंजत नाही, असे त्यात म्हटले आहे. यातली एकही पायरी बरोबर नाही, आणि शेवटची तर धोक्याची आहे.

आधी तेलाचे बघू, कारण त्यावर लोकांचा सर्वांत जास्त भरवसा आहे. कोल्हापुरी चपलेला आपण पिढ्यान्‌पिढ्या तेल लावत आलो, मग होल्स्टरला का नको, असा त्या संदेशातला युक्तिवाद आहे. चपलेने पायाबरोबर वाकायचे असते. होल्स्टरने वाकायचेच नसते. चांगले होल्स्टर बहुधा वनस्पतींच्या साली-फळांतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेल्या जाड कातड्याचे असते. कारागीर ते कातडे ओले करून शस्त्राच्या आकारावर दाबून बसवतो आणि तसेच वाळू देतो, आणि त्या वाळलेल्या ताठपणामुळेच शस्त्र जागच्या जागी घट्ट राहते. तेल तंतूंमध्ये शिरले की तंतू एकमेकांवरून सरकू लागतात आणि तो ताठपणा जातो. माझे वडील फौजदार होते. त्यांच्या तपकिरी होल्स्टरला मी स्वतः, अशाच सल्ल्यावरून आणि पूर्ण श्रद्धेने, सलग चार दिवस खोबरेल तेल चोळले होते. आठवडाभरात त्याचे झाकण ओल्या पापडासारखे लोंबू लागले, शिवणीचा दोरा काळा पडला आणि कपाटातल्या कागदावर तेलाचा डाग उमटला. गेलेला आकार परत आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. कातडे खरोखरच कोरडे पडले असेल, तर चामड्यासाठी बनवलेल्या मेणयुक्त क्रीमचा अगदी पातळ हात फक्त बाहेरून द्यावा आणि दुसऱ्या दिवशी मऊ कापडाने पुसून काढावा. आतल्या बाजूला काहीही लावू नये.

साबणाबद्दल फार लिहायला नको. कमावलेले कातडे आम्लधर्मी असते आणि आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी, त्यामुळे कातडे काळवंडते, त्यातले मुळातले टॅनिन आणि स्निग्धांश निघून जातात आणि वाळल्यावर ते तडकते. मऊ ब्रशने धूळ झटकावी, शिवणीतली माती कोरड्या टूथब्रशने काढावी, आणि उरलेला मळ घट्ट पिळलेल्या कापडाने टिपावा, एवढे पुरते. पितळी बटणाभोवती हिरवा मेणचट थर दिसतो, तो कातड्यातली चरबी आणि पितळेतले तांबे यांच्या संयोगातून तयार होतो. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, त्याच जातीची ही गोष्ट आहे. तो थर लाकडी दातकोरणीने खरवडावा. तिथे पितळेचे पॉलिश लावले, तर भोवतालच्या कातड्यावर पांढरे डाग बसतात.

ऊन हा तिसरा मुद्दा. ओले कातडे कोरड्यापेक्षा पुष्कळ कमी उष्णतेला आकसते, म्हणून भिजलेले होल्स्टर पत्र्यावर किंवा बंद गाडीच्या काचेमागे ठेवणे म्हणजे त्याचे माप बिघडवून घेणे आहे. पंख्याखाली, सावलीत, आत सुती कापडाचा बोळा भरून ते एक-दोन दिवस वाळू द्यावे.

आता प्लास्टिकची पिशवी. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला साधारण ७० टक्के पुरतात. पिशवी हवाबंद केली, तर कातड्याने आधीच शोषलेली ती ओल आतच अडकते. त्यातच पिस्तूल असले, तर ओल, आम्ल आणि टॅनिन पोलादाला सतत चिकटून राहतात, गंज चढतो आणि लोखंडाशी टॅनिनचा संयोग होऊन कातड्यावर निळसर काळे डाग पडतात. म्हणून शस्त्र रिकामे करून, पुसून, कुलपात वेगळे ठेवावे, आणि होल्स्टर सुती पिशवीत, हवा खेळेल अशा फळीवर, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी ठेवावे. पुड्या ओलसर झाल्या की बदलाव्यात.

होल्स्टरवर पांढरे दिसले की लोक लगेच बुरशी समजून पुन्हा तेलाची बाटली काढतात. पण कातड्यातली चरबीही थंडीत वर येऊन गोठते, जसे खोबरेल तेल बाटलीत गोठते. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून क्षणभर द्यावी: चरबी असेल तर विरघळून दिसेनाशी होते, बुरशी असेल तर तशीच राहते. बुरशी घराबाहेर नेऊन, नाका-तोंडाला कापड बांधून कोरड्या ब्रशने झाडावी.

सर्वांत गंभीर गोष्ट संदेशात कुठेच नाही. मऊ पडलेल्या होल्स्टरचे तोंड आत कोसळते आणि शस्त्र आत सारताना कातड्याची घडी चापाभोवतीच्या कड्यात शिरून चाप दाबला जाऊ शकतो. तेल चोळून मऊ केलेले होल्स्टर नव्यासारखे तर होत नाहीच, ते भरलेल्या शस्त्रासाठी असुरक्षित होते. रिकामे होल्स्टर कमरेला बांधून तोंड बोटांनी दाबून बघावे. ते मिटत असेल किंवा कडेची घडी आत वळत असेल, तर ते वापरातून काढावे. बोट फिरवल्यावर तांबूस भुकटी हाताला लागत असेल, तर कातडे आतूनच कुजले आहे, आणि कोणतेही तेल किंवा क्रीम ते सांधू शकत नाही. वडिलांचे होल्स्टर आता सुती कापडाचा बोळा भरून फळीवर ठेवले आहे. त्यात शस्त्र पुन्हा कधी जाणार नाही.